कान, पान आणि 'पानी'

पनवेल-रोहा रेल्वेमार्गावर पेण सोडले की कासू येते, त्यानंतर नागोठणे आणि मग रोहा. मुंबई-गोवा महामार्गही याच अंगाने जातो. या पट्ट्यात आगरी आहेत, कुणबी आहेत, कातकरी आणि ठाकूर आहेत. पेण, नागोठणे, रोहा या गावांतून पिढ्यानपिढ्या राहणारे कोकणी मुसलमान आहेत. या सगळ्यांतल्या अनेकांच्या तोंडी 'पाणी' नसते, 'पानी' असते. 'डोळा' नसतो, 'डोला' असतो. आगऱ्याच्या तोंडी 'गाडी'ची 'गारी' होते. एवढ्या भांडवलावर शहाण्यासुरत्या माणसांनी निकाल देऊन टाकला आहे की ही भाषा अशुद्ध. त्यातही आगऱ्याने 'पानी' म्हटले तर तो अडाणी ठरतो आणि मुसलमानाने म्हटले तर तो परका ठरतो. पहिल्याला मराठी नीट येत नाही, दुसऱ्याची ती नाहीच!

हा निकाल आपण फार वर्षे मुकाट्याने ऐकून घेतला. आपल्यातल्या अनेकांनी तर तो मान्य करून घरातली कोकणी बोली टाकून दिली, मुलांना सांगितले की ही काही भाषा नव्हे. म्हणून हा खटला पुन्हा उभा करायला हवा. त्यात मला एक दूरची साक्ष काढायची आहे. ती आहे अशा भाषेची, जिचे एकही अक्षर कुणी लिहून ठेवलेले नाही. पाच-सहा हजार वर्षांपूर्वी ती बोलली जात होती. संस्कृत, फारसी, ग्रीक, लॅटिन, इंग्रजी, रशियन आणि आपली मराठी या सगळ्या तिच्या लेकी, नाती, पणत्या. विद्वान तिला मूळ इंडो-युरोपीय भाषा म्हणतात. तिची व्यंजने कशी होती हे गेल्या दोनशे वर्षांत लेकीबाळींची तोंडे तपासून ठरवले गेले. ते ज्या रीतीने ठरवले, ती रीत कासूच्या 'पानी'ला लावून पाहिली तर शुद्धतेचा सगळा तोरा उतरतो.

हसणाऱ्यांच्या कानातले सोने

आधी 'पाणी'च घेऊ. मूळ संस्कृत शब्द 'पानीय', म्हणजे पिण्याजोगे. त्यात 'न' आहे, 'ण' नाही. 'मनुष्य'मध्ये 'न' आहे, मराठीत 'माणूस' झाला. 'जन'मध्ये 'न' आहे, मराठीत 'जण' झाला. 'कः पुनः' या दोन शब्दांतून 'कोण' निघाला, तिथेही मुळात 'न'च. दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या एकट्या 'न'चा मराठीने 'ण' केला, असा हा नियम आहे. आता उलट बाजू पाहा. संस्कृत 'कर्ण'चा प्राकृतात 'कण्ण' झाला आणि मराठीत 'कान'. 'पर्ण'चे 'पान' झाले. 'सुवर्ण'चे 'सोने', 'चूर्ण'चा 'चुना'. जोड 'ण्ण' होता तिथे मराठीने चक्क 'न' केला. म्हणजे जी मंडळी कानात सोने घालून, पानाला चुना लावून कासूच्या माणसाच्या 'पानी'ला हसतात, त्यांच्या कानाचा, सोन्याचा, पानाचा आणि चुन्याचा 'न' हा 'ण' मोडूनच तयार झालेला आहे!

'ळ'चीही हीच गोष्ट. संस्कृत 'फल', मराठी 'फळ'. 'मूल'चे 'मूळ', 'काल'चा 'काळा'. एकट्या 'ल'चा 'ळ' झाला. 'फुल्ल'मध्ये जोड 'ल' होता, तो 'फूल'मध्ये 'ल'च राहिला. 'गल्ल'चा 'गाल' झाला, 'गाळ' झाला नाही. फूल आणि फळ एकाच झाडाला येतात, पण त्यांच्या शेवटच्या अक्षरांचा इतिहास निराळा आहे. हे सगळे काही मी शोधून काढलेले नाही. ज्यूल ब्लोक या फ्रेंच पंडिताचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ १९२० साली पॅरिसला निघाला आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी तो मराठीत आणला. ग्रंथालयात तो मिळतो. 'शुद्ध मराठी'वर व्याख्याने देणाऱ्यांनी तो उघडून पाहायला हरकत नसावी.

आणि एक 'श'. खेडुताने 'शेत'ला 'सेत' म्हटले की नाके मुरडली जातात. संस्कृतात कपडा शिवण्याला 'सीव्यति' आहे, दंत्य 'स'चा. हिंदीत 'सीना', इंग्रजीत 'सो', सगळीकडे 'स'. मराठीने तेवढे 'शिवणे' केले, कारण 'इ' आणि 'ए' या स्वरांपूर्वी आलेल्या 'स'चा 'श' करणे ही मराठीची खोड आहे. 'सीमा'ची 'शीव' झाली तीही अशीच. शुद्धतेच्या मापाने जायचे तर उद्यापासून प्रत्येक शिंप्याने 'सिवायला' लागावे!

पण ढोल वाजवू नका

इथे आपल्यातला एखादा उत्साही माणूस उठून म्हणेल, मग तर झालेच! आमचे 'पानी' आणि 'फल' संस्कृताच्या जवळचे. आम्हीच खरे शुद्ध. त्याला मी हात जोडून खाली बसवीन. हा दावाही तितकाच कच्चा आहे.

'सण' हा शब्द संस्कृत 'क्षण'पासून आला. तिथे मुळातच 'ण' आहे. कोकणात त्याचाही 'सन' होतो. म्हणजे कासू-नागोठण्याच्या बोलीने जुना 'न' जपून ठेवला असे नाही. 'न' आणि 'ण' अशी दोन व्यंजने होती, त्यांचे एक झाले. सणवाराचा 'सण' आणि अरबीतून आलेला वर्षाचा 'सन', दोन्ही एकाच उच्चारात जाऊन बसले. असे दोन ध्वनी एकदा मिसळले की नुसत्या त्या बोलीवरून ते पुन्हा वेगळे काढता येत नाहीत. दुधात पाणी मिसळल्यावर नुसते दुधाकडे पाहून पाणी वेगळे होते का? बाहेरचा साक्षीदार लागतो. देशावरची मराठी सांगते, इथे 'ण' होता. संस्कृत सांगते, त्याआधी काही ठिकाणी 'न' होता. पुनर्रचनेचे सारे शास्त्र या एका गोष्टीवर उभे आहे. कोणतीही एक भाषा सगळे जपत नाही, प्रत्येक भाषा काही हरवते, आणि एकीने हरवलेले दुसरीकडे सापडते.

या कसोटीला संस्कृतही अपवाद नाही, आणि माझे खरे म्हणणे इथून सुरू होते. लॅटिनात दहाला 'देकेम', आठाला 'ओक्तो' आणि हाकण्याला 'अगो'. तीन शब्दांत तीन स्वर आहेत: ए, ओ, अ. संस्कृतात 'दश', 'अष्ट', 'अज्'. तिन्हीकडे 'अ'. पूर्वी पंडितांना वाटे की संस्कृतच जुने आणि ग्रीक-लॅटिनने एका 'अ'चे तीन तुकडे केले. मग एका व्यंजनाने फितुरी केली. लॅटिनात 'आणि' या अर्थी 'क्वे' आहे, संस्कृतात 'च'. कंठातला 'क' टाळूला जाऊन 'च' होतो तो 'इ' किंवा 'ए'सारख्या स्वरापूर्वी. संस्कृत 'च'मध्ये तर 'अ' आहे. मग 'क'चा 'च' झाला कसा? कारण तो झाला तेव्हा तिथे 'ए' होता! 'ए' नंतर पुसला गेला, पण जाताना 'च'वर बोटाचा ठसा ठेवून गेला. ही गोष्ट १८७० च्या दशकात सिद्ध झाली आणि संस्कृत ही सर्व भाषांची जननी या म्हणण्याला विद्येच्या दरबारात जागा उरली नाही. संस्कृत जननी नाही. ती थोरली बहीण आहे, तेजस्वी आहे, पण बहीणच.

कासूच्या बोलीने 'न' आणि 'ण' एक केले. संस्कृताने 'ए', 'ओ' आणि 'अ' एक केले. प्रकार एकच आहे. आगऱ्याने 'ड'चा 'र' केला, तर तो गावंढळपणा. लॅटिन 'लुक्स' आणि इंग्रजी 'लाइट' यांच्यात जो जुना 'ल' आहे त्याचा संस्कृताने 'रुच्', 'रोचना' यांत 'र' केला, फारसीनेही 'रोज' आणि 'रोशन' यांत 'र'च केला. ती मात्र देववाणी आणि दरबारी जबान! राहता राहिले 'ण' आणि 'ळ', ज्यांच्यावर शुद्धतेचे सगळे वजनमाप चालते. मूळ भाषेत ट, ठ, ड, ढ, ण, ळ यांपैकी एकही व्यंजन नव्हते. ते सारे या मातीत आल्यावर घडले. 'नीड' म्हणजे घरटे, त्याचे इंग्रजी भावंड 'नेस्ट'. त्या 'स' आणि 'द'च्या जोडीतून संस्कृतचा 'ड' झाला. काही विद्वान यात द्राविड भाषांच्या शेजाराचाही हात पाहतात. शेजाऱ्याकडून ध्वनी घेतल्याने संस्कृत बाटली नाही. मग आमच्या आजीची बोली कशाने बाटली?

घाम, गरम आणि थर्मास

मूळ भाषेची व्यंजने ठरवताना मतमोजणी करत नाहीत. चार भाषांत 'ग' आहे आणि एकीत 'घ', म्हणून 'ग' विजयी, असे चालत नाही. नियम पाहतात. एका भाषेतल्या एका व्यंजनासमोर दुसरीत नेहमी तेच दुसरे व्यंजन उभे राहते का, हे पाहतात. संस्कृत 'सप्त', फारसी 'हफ्त'; संस्कृत 'मास', फारसी 'माह'; संस्कृत 'सिंधु', फारसी 'हिंदू'. ठराविक जागी संस्कृतात 'स' असेल तिथे फारसीत 'ह'. जो शब्द मिरवत दुसऱ्याला बाहेरचा ठरवले जाते, त्या शब्दाचे पहिले व्यंजन इराणी उच्चाराचे आहे, हे जाता जाता लक्षात ठेवावे. संस्कृत 'हस्त', फारसी 'दस्त', जुन्या अवेस्तात 'झस्त'. तीन तोंडे तीन प्रकारची, मूळ एकच. आपण मराठीत 'हस्ताक्षर' म्हणतो आणि 'दस्तखत'ही म्हणतो. त्यातले दोन्ही हात एकाच आईच्या लेकरांचे आहेत. 'आत्मजा'मधली 'जा' आणि 'शहजादा'मधला 'जादा' हे दोन्ही जन्माच्या एकाच धातूचे.

सगळ्यात सुंदर उदाहरण आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. कासूच्या शेतात चैत्रात हवा गरम होते आणि अंगाला घाम येतो. 'घाम' आला संस्कृत 'घर्म'पासून, प्राकृताच्या वाटेने. 'गरम' आला फारसीतून. ग्रीकमध्ये उष्णतेला 'थर्मोस', त्याच शब्दावरून आपल्या घरातला चहाचा थर्मास. लॅटिनात 'फॉर्मुस'. आता पाहा: घ, ग, थ, फ. चार भाषांत चार व्यंजने आणि शब्द मात्र एक. यांच्या पोटात असे कोणते व्यंजन असावे की ज्यातून चौघेही निघतील? संस्कृत सांगते, तो घोष आणि महाप्राण होता. ग्रीकचा 'थ' आणि लॅटिनचा 'फ' सांगतात, नुसता कंठातला असता तर इतका दातांकडे आणि ओठांकडे सरकला नसता. उच्चारताना ओठ गोल होत असले पाहिजेत. जुळणी करून आकार ठरला: ओठ गोल करून म्हटलेला 'घ', साधारण 'घ्व'. तो कुणीही ऐकलेला नाही. म्हणून असे अनुमानाने ठरवलेले रूप लिहिताना त्याच्या आधी एक तारा काढतात. ताऱ्याचा अर्थ: हे सापडलेले नाही, ताडलेले आहे.

यात एक गोष्ट कबूल करायलाच हवी. घ, ध, भ ही महाप्राण व्यंजने फारसीने घालवली, ग्रीकने आणि लॅटिनने बदलून टाकली. ती स्पष्ट जपली संस्कृताने आणि तिच्या वारसांनी. संस्कृताचा मोठेपणा असा खरा आहे, त्याला खोट्या दागिन्यांची गरज नाही. आणि तो वारसा कुण्या एका जातीच्या तिजोरीत नाही. भर उन्हात राबणारा कासूचा शेतकरी, मग तो म्हात्रे असो की मुल्ला, जेव्हा 'घाम' म्हणतो तेव्हा फिरदौसीच्या भाषेने हरवलेला 'घ' त्याच्या तोंडी असतो.

गळ्यातली हरवलेली अक्षरे

आता जे सांगायचे आहे ते आपल्या वाचकाला इतरांपेक्षा लवकर कळेल. कुराण पढताना लहानपणी प्रत्येकाला मखरज शिकवले जातात. हम्झा आणि 'हे' घशाच्या तळातून, 'ऐन' मधून, 'खे' आणि 'गैन' वरून. हलकातून निघणारी ही अक्षरे मराठीत आली की गळून पडतात. पण सगळीच मुकाट्याने जात नाहीत. अरबीत शिकवण्याला 'तअ्‌लीम', मध्ये 'ऐन'. मराठीत त्याची 'तालीम' झाली, आणि पैलवान तिच्यात दंड काढू लागले. 'मअ्‌लूम'चे 'मालूम' झाले. 'ऐन' गेला, पण आधीचा 'अ' लांबवून गेला. ज्याला अरबी येत नाही पण कान तल्लख आहे असा माणूस नुसत्या 'ता'च्या लांबीवरून म्हणू शकेल की इथे काहीतरी होते.

नेमके हेच फेर्दिनां द सोस्यूर या जिनिव्हाच्या एकवीस वर्षांच्या तरुणाने केले. १८७९ सालच्या त्याच्या पुस्तकात त्याने मांडले की संस्कृत, ग्रीक यांतले काही दीर्घ स्वर मुळात दीर्घ नाहीत. त्यांच्या शेजारी एखादे हरवलेले अक्षर असले पाहिजे. पुढे विद्वानांनी ही घशातली व्यंजने आहेत असे म्हटले. पुरावा? काही नाही, नुसती ताऱ्याची खूण. अनेकांनी ते कल्पनेचे खेळ म्हणून सोडून दिले. १९०६ पासून तुर्कस्तानात बोगाझकोय येथे मातीच्या विटांवर कोरलेले हित्ती लोकांचे दप्तर खणून निघाले. १९१५ साली ह्रोझनी या चेक पंडिताने दाखवले की ही भाषाही आपल्याच कुळातली. आणि १९२७ साली कुरिलोविच या पोलिश भाषाशास्त्रज्ञाने बोट ठेवले: संस्कृत 'अस्थि', ग्रीक 'ओस्तेओन', हित्तीत 'हस्ताइ', सुरुवातीला 'ख'च्या जवळ जाणारा घशातला ध्वनी. जिथे सोस्यूरने रिकामी जागा दाखवली होती तिथे अक्षर सापडले. आज अशी तीन व्यंजने मानतात. त्यांचे नेमके उच्चार काय होते याचा वाद संपलेला नाही.

या घशातल्या व्यंजनाने आणखी एक गंमत केली आहे. 'उभे राहणे' या धातूत ते होते. संस्कृतात 'स्था'मधल्या 'थ'चा महाप्राण हा त्याचाच मागे राहिलेला उच्छ्वास मानतात. फारसीत 'स'नंतर तो उरला नाही, म्हणून 'स्तान'. आपल्याकडे 'हिंदुस्थान' लिहायचे की 'हिंदुस्तान' यावरून माणसाची देशनिष्ठा मोजणारे लोक आहेत. दोन्ही शब्दांची आई एक, तिने दोघांना उभे राहायला जागा दिली. भांडण लेकरांचे आहे, आणि तेही 'त' आणि 'थ'चे!

तारा पुसणारे

या शास्त्राचे खरे शत्रू दोन. पहिला शत्रू ध्वनिसाम्यावर इमारती बांधतो. पु. ना. ओक यांनी आयुष्यभर हेच केले. व्हॅटिकन म्हणजे 'वाटिका', ख्रिश्चॅनिटी म्हणजे 'कृष्णनीती'. मराठीत या पुस्तकांना वाचक मिळाले, आजही मोबाइलवरून तीच वाक्ये फिरत असतात. ऐकायला सारखे वाटते म्हणून एक, हा न्याय लावायचा तर 'कासू' हे गावही सुटणार नाही. एकजण म्हणेल, ते 'कासव'वरून. दुसरा म्हणेल, अरबीत पेल्याला 'कास' म्हणतात, म्हणजे अरबांनी वसवले. दोघांनाही विचारायचे एकच: जुन्या कागदांत हे नाव कसे लिहिले आहे? तिथून इथपर्यंत प्रत्येक अक्षर कोणत्या नियमाने आले? उत्तर नसेल तर गप्प बसावे. मराठी 'दहा' आणि फारसी 'दह' किती सारखे! म्हणून मराठी फारसीतून निघाली का? 'श'चा 'ह' इराणात वेगळा झाला, आपल्या प्राकृतात वेगळा झाला. मराठी फारसीची लेक असती तर सातालाही 'स' राहिला नसता, आणि आपण हाताच्या बोटांवर 'पाच, सहा, हात' असे मोजत बसलो असतो.

दुसरा शत्रू आपल्या घरातला आहे, म्हणून त्याच्याशी जास्त भांडायला हवे. तो म्हणतो, अरबी हीच सर्व भाषांची माता. तो म्हणतो, आपण मूळचे अरब, आपली जबान उर्दू, ही कोकणी म्हणजे नोकरचाकरांच्या संगतीने लागलेली सवय. अरबीचा आदर कुराणामुळे आहे आणि तो राहणारच. त्यासाठी तिला ग्रीक-संस्कृतची आई करण्याची गरज नाही. ती सामी कुळातली, हिब्रूची बहीण. आणि अरब पूर्वजांचे म्हणाल तर असतीलही. अल-मसूदी हा प्रवासी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास, सैमूर बंदरात आला होता. सैमूर म्हणजे आपले चौल, पेणच्या नैर्ऋत्येला, याच रायगड जिल्ह्यात. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान असल्याचे त्याने लिहिले. सिराफ, ओमान, बसरा, बगदादचे लोक होते, आणि त्यांच्याबरोबर 'बयासिरा' होते, म्हणजे इथेच जन्मलेले मुसलमान. इथेच जन्मलेले कुणाच्या पोटी? त्यांच्या आया बसऱ्याहून गलबतात बसून आल्या नव्हत्या. बाप दर्या ओलांडून आला असेल, पण घरात भाषा आईची राहिली. दोन, तीन, चार. हात, कान, डोळा. येतो, जातो, गेला. उसन्या शब्दांनी भाषेचे गोत्र बदलत नाही. गोत्र ठरते ते संख्या, शरीराचे अवयव, नाती आणि क्रियापदाच्या प्रत्ययांवरून. ती सगळी आपल्या घरात मराठी आहेत.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषांच्या सर्वेक्षणाचा सातवा खंड १९०५ साली निघाला. तो मराठीला वाहिलेला आहे. त्यात कोळी, कुणबी, आगरी या बोलींच्या पंगतीला 'बाणकोटी'चे पान आहे, कोकणातल्या मुसलमानांच्या बोलीचे. गोऱ्या साहेबाला जे दिसले ते आपल्याला दिसू नये?

हेच लोक अलीकडे 'नमाज' म्हणू नका, 'सलात' म्हणा, असे सांगतात. 'नमाज' फारसी आहे, आणि 'नमन', 'नमस्कार' यांच्याच मुळाची, वाकणे या अर्थाच्या धातूची. 'रोजा' हा 'रोज' म्हणजे दिवस यावरून, आणि तो 'रुच्' म्हणजे प्रकाशणे याच्या कुळातला. इथे दोन्हीकडच्या उतावळ्यांना आवरायला हवे. एकजण म्हणेल, पाहा, तुमची नमाज मूळची आमचीच. दुसरा म्हणेल, म्हणूनच हा शब्द टाका. शब्दाची वंशावळ ही श्रद्धेची वंशावळ नव्हे. हजार वर्षे आपले आजे-पणजे नमाज म्हणत आले आणि अल्लाहसमोर वाकत आले. तेवढे पुरे आहे.

काहीजण तिसरीच तक्रार करतात, की हे सारे साहेबाचे कारस्थान आहे. कलकत्त्यात १७८६ साली विल्यम जोन्सने संस्कृत, ग्रीक, लॅटिन एकाच, कदाचित आता नाहीशा झालेल्या, मुळातून निघाल्याचे सांगितले हे खरे. पण तो मुळात फारसीचा अभ्यासक होता, फारसीचे व्याकरण त्याने १७७१ मध्येच छापले होते. आणि त्याच्याही आधी, १७५६ साली वारलेल्या सिराजुद्दीन अली खान आरजू यांनी आपल्या 'मुस्मिर' या ग्रंथात फारसी आणि हिंदी-संस्कृत शब्दांच्या मेळाची चर्चा केली. समान पूर्वजापर्यंत ते गेले नाहीत, पण मेळ योगायोगाचा नाही हे त्यांनी ओळखले. डॉ. रा. गो. भांडारकरांनी १८७७ साली मुंबईत संस्कृत आणि तिच्यापासून निघालेल्या भाषांवर व्याख्याने दिली. हे शास्त्र परके नाही. आपणच त्याला परके करून ठेवले.

आणि हे शास्त्र हट्टी नाही. ऑगस्ट श्लायखरने १८६८ साली मूळ भाषेत मेंढी आणि घोडे यांची एक छोटी गोष्ट लिहिली. ती जवळजवळ संस्कृतसारखीच दिसत होती. हिर्टने पुन्हा लिहिलेली तीच गोष्ट १९३९ साली प्रसिद्ध झाली तेव्हा तिचे रूप ओळखू येईना, कारण मधल्या काळात ज्ञान पुढे गेले होते. १९७३ मध्ये गामक्रेलिद्झे आणि इवानोव यांनी तर ब, द, ग या साऱ्या रांगेचाच उच्चार वेगळा असावा असे मांडले, आणि तो वाद अजून चालू आहे. आपले म्हणणे दुरुस्त करायला तयार असलेले हे शास्त्र प्रत्येक शब्दाआधी तारा काढते. तारा पुसून अनुमानाला अभिमान करणारे लोक त्याच्या नावाने बोलतात, ही खरी अडचण आहे.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. आनंदच आहे. पण त्यानंतर जो तो मराठी किती जुनी हे सांगू लागला. मूळ भाषेची साक्ष सांगते की तिच्यापासून तोंडातोंडी अखंड चालत आलेली प्रत्येक जिवंत बोली सारखीच जुनी आहे. पुण्याची जितकी जुनी, तितकीच कासूची. फरक एवढाच की एकीला छापखाना मिळाला, दुसरीला हसू मिळाले.

म्हणून मागणे साधे आहे. शिक्षकांनी मुलाला प्रमाण मराठी लिहायला जरूर शिकवावे, ती नोकरीची, कोर्टाची, साहित्याची भाषा आहे. पण त्याच्या तोंडच्या 'पानी'वर लाल रेघ मारू नये. तो चूक बोलत नाही, दुसरी रीत बोलतो. अ. मा. घाटगे यांनी १९६६ साली महाडच्या कुणबी बोलीचे वर्णन प्रसिद्ध केले. तसे काम पेण-नागोठणे-रोहा पट्ट्यातल्या मुसलमानी कोकणीचे व्हायला हवे, आणि ते आपल्या कॉलेजात शिकणाऱ्या मुलामुलींनी करावे. घरातली म्हातारी माणसे आहेत तोवर मोबाइलवर त्यांचे बोलणे नोंदवून घ्या. लग्नातली गाणी, शिव्या, शेताची, मासळीची, स्वयंपाकाची नावे. हित्ती लोकांचे दप्तर मातीच्या विटांवर होते म्हणून साडेतीन हजार वर्षे टिकले. आपल्या आजीचे दप्तर तिच्या श्वासावर आहे.

आणि २०२७ साठी जनगणना जाहीर झाली आहे. प्रगणक दारात येईल, मातृभाषा विचारेल. त्या वेळी जे प्रतिष्ठेचे वाटते ते सांगू नका. ज्या भाषेत तुमची आई तुम्हाला 'पानी पी' म्हणाली, तिचे नाव सांगा.